बिशप लास कासास यांची परतफेड

एखाद्यानें चोरी केली, धर्मगुरूपुढें गुडघे टेकून ती कबूल केली, डोळ्यांतून अश्रूही गाळले. पण चोरलेली वस्तु मात्र त्याच्या घरींच राहिली. अशा मनुष्यास क्षमा मिळाली असें म्हणावें काय? प्रश्न ऐकावयास सोपा आहे, आणि खालच्या इयत्तेंतील मुलेंही त्याचें उत्तर देतील. परंतु चोरी एका माणसाची नसून एका साम्राज्याची असेल, चोरलेली वस्तु म्हणजे मोहरांची पिशवी नसून जिवंत माणसें असतील, आणि चोरांच्या मेळ्यांत खुद्द एक धर्मगुरु उभा असेल, तर उत्तर तितकें सोपें राहत नाहीं. सोळाव्या शतकांत स्पेन देशांत होऊन गेलेले बार्तोलोमे दे लास कासास यांनीं आपल्या आयुष्याचीं पन्नासाहून अधिक वर्षें ह्याच प्रश्नाशीं झुंजण्यांत घालविलीं. अमेरिकेंतील मूळ रहिवाशांचे कैवारी म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचें नांव येतें. पण ते प्रथम त्या रहिवाशांचे धनी होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आम्हांस त्यांच्या चरित्राचा हाच भाग अधिक मननीय वाटतो, म्हणून त्यावर आम्ही येथें अधिक वेळ थांबणार आहों.

त्यांचा जन्म दक्षिण स्पेनमधील सेविल शहरीं इ. स. १४८४ मध्यें झाला. जुन्या पुस्तकांत १४७४ हें वर्ष दिलेलें आढळतें. परंतु त्यांच्या स्वतःच्या एका साक्षीच्या कागदावरून आतां विद्वान् लोक १४८४ हेंच ग्राह्य धरितात. वडील पेद्रो हे बेताच्या स्थितीचे व्यापारी होते. १४९३ सालीं कोलंबस आपल्या पहिल्या सफरीहून परत आला, तेव्हां त्यानें बरोबर आणलेले मूळ रहिवासी व हिरवे पोपट लहानग्या बार्तोलोमेनें सेविलच्या रस्त्यांत पाहिले. त्याच वर्षीं वडील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरींत सामील झाले, आणि कांहीं वर्षांनीं परत आले ते मुलासाठीं एक जिवंत भेट घेऊन. ती भेट म्हणजे त्या बेटांतला एक तरुण गुलाम. पण १५०० सालीं राणी इसाबेला हिनें असे आणलेले गुलाम मायदेशीं परत पाठविण्याचा हुकूम काढला व तो तरुण गलबतांत बसून निघून गेला. लास कासास यांच्या घरून झालेली ही पहिली परतफेड. तींत त्यांचा स्वतःचा पुण्यांश कांहींच नव्हता.

१५०२ मध्यें निकोलास दे ओव्हान्दो हा नवा सुभेदार सुमारें ३० गलबतें व २५०० माणसें घेऊन एस्पानियोला बेटाकडे निघाला. त्यांत अठरा वर्षांचे लास कासासही होते. हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश हल्लीं ज्या बेटावर आहेत तेंच हें बेट. नव्या मुलखांत जाणाऱ्या बहुतेकांप्रमाणें त्यांनाही सोनें व जमीन हवी होती, आणि दोन्हीं मिळालीं. रहिवाशांवर चालून जाणाऱ्या तुकड्यांबरोबर ते गेले, आणि एन्कोमिएन्दा नांवाच्या पद्धतीनें त्यांच्या वांट्यास माणसेंही आलीं. (कोलंबसाच्या भ्रमामुळें युरोपांत ह्या लोकांस इंडियन म्हणूं लागले. आमच्या देशाशीं त्यांचा संबंध नाहीं, म्हणून आम्ही येथें त्यांस मूळ रहिवासी असेंच म्हणूं.)

ही पद्धति समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळावयाची नाहीं. राजाच्या नांवानें रहिवाशांचा एक गट एखाद्या स्पॅनिश वसाहतवाल्याच्या हवालीं करण्यांत येई. कागदोपत्रीं हा त्यांचा पालक. त्यानें त्यांचें रक्षण करावयाचें, त्यांस ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा, आणि मोबदल्यांत त्यांच्याकडून काम घ्यावयाचें. प्रत्यक्षांत काम तेवढें घेतलें जाई. पुरुष महिनेच्या महिने खाणींत राबत, बायका दूर शेतांत राबत. उपासमार, मारहाण आणि पुढें युरोपांतून आलेले रोग यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. आश्चर्य असें कीं, एन्कोमिएन्दा बाळगणारे पुष्कळजण नेमानें उपासनेस जात, पापनिवेदन करीत, क्षमावचन ऐकत आणि घरीं येऊन पुन्हां तेंच करीत. लास कासास यांची स्थिति याहून निराळी नव्हती. ते धर्मगुरु झाले व १५१० च्या सुमारास त्यांनीं आपली पहिली मिस्सा त्याच बेटांत अर्पण केली. अंगावर धर्मगुरूचीं वस्त्रें आलीं. पदरचीं माणसें तशींच राहिलीं.

ह्याच सुमारास डोमिनिकन संघाचे कांहीं साधू सांतो दोमिंगो शहरीं येऊन गवताच्या झोंपडींत राहूं लागले होते. त्यांनीं वर्षभर सर्व प्रकार डोळ्यांनीं पाहिला. मग सर्वांनीं मिळून एक प्रवचन लिहिलें, त्याखालीं प्रत्येकानें सही केली, आणि तें सांगण्याचें काम आंतोनियो दे मोंतेसिनोस यांजकडे दिलें. २१ डिसेंबर १५११, नाताळापूर्वींचा शेवटचा रविवार. देवळांत कोलंबसाचा मुलगा, सुभेदार दिएगो, व सारे प्रतिष्ठित वसाहतवाले बसले होते. मोंतेसिनोस यांनीं त्यांस तोंडावर विचारलें कीं, ज्यांनीं तुमचें कांहीं वांकडें केलें नाहीं अशा माणसांस तुम्ही कोणत्या हक्कानें गुलाम केलें? आणि हीं माणसें नाहींत काय? या स्थितींत राहाल तर तुमचें तारण होणें नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट बजाविलें. मोठी खळबळ उडाली. पुढच्या रविवारीं शब्द मागें घ्या, असा आग्रह झाला. पुढच्या रविवारीं देऊळ पुन्हां भरलें, आणि मोंतेसिनोस यांनीं पहिलेंच म्हणणें अधिक पुराव्यानें मांडून वर असें सांगितलें कीं, ज्यांच्या पदरीं रहिवासी आहेत त्यांस आम्ही यापुढें पापक्षमा देणार नाहीं.

लास कासास यांच्या मनावर याचा परिणाम काय झाला? तत्काळ कांहींच नाहीं. आम्हांस हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. कारण चरित्रकार अनेकदां एका प्रवचनानें माणूस बदलल्याचें लिहितात. पुढें एकदां पापनिवेदनासाठीं ते एका डोमिनिकन साधूकडे गेले असतां त्यानें त्यांस नकार दिला. लास कासास यांनीं वाद घातला, साधूच्या विद्वत्तेस मानही दिला. पण रहिवासी सोडावे हें त्यांस पटलें नाहीं. ते दुसऱ्या धर्मगुरूकडे गेले. तो नकार मात्र मनांत कोठें तरी रुतून राहिला, असें त्यांनींच पुढें नमूद करून ठेविलें आहे.

नंतर ते क्यूबा बेट जिंकण्यास निघालेल्या फौजेबरोबर धर्मगुरु म्हणून गेले. फौजेच्या पुढें जाऊन ते गांवकऱ्यांची समजूत घालीत, मुलांचा बाप्तिस्मा करीत, आणि शक्य तेथें रक्तपात टाळीत. पण काओनाओ नांवाच्या गांवीं तो टळला नाहीं. गांवकरी उकिडवे बसून कौतुकानें घोडे पाहत होते. त्यांनीं सैनिकांसाठीं मासळी व भाकरी मांडून ठेविली होती. त्याच सकाळीं वाटेंतल्या कोरड्या ओढ्यांत सैनिकांनीं दगडांवर तरवारी पाजळल्या होत्या. एकानें तरवार उपसली आणि बाकीच्यांनीं त्याचें अनुकरण केलें. पुरुष, बायका, मुलें कोणी वांचलें नाहीं म्हटलें तरी चालेल. लास कासास धांवत, ओरडत फिरले. मरणाऱ्यांस धीर देण्यापलीकडे त्यांच्या हातून कांहीं झालें नाहीं. हें सर्व डोळ्यांदेखत घडल्यावरही क्यूबा जिंकल्याच्या बक्षिसादाखल मिळालेली जमीन व माणसें त्यांनीं स्वीकारलीं. आरिमाओ नदीच्या कांठीं पेद्रो दे रेंतेरिया ह्या मित्राच्या भागीदारींत त्यांचा कारभार चांगला चालला. ते आपल्या माणसांशीं सौम्यपणें वागत. परंतु खाणीची व शेतीची चिंता त्यांस धर्मशिक्षणापेक्षां अधिक असे, हें त्यांचेंच पुढचें म्हणणें.

१५१४ चा पेंटेकॉस्टचा सण आला. जवळच्या वसाहतींत प्रवचन करावयाचें म्हणून ते बायबल चाळीत बसले होते. सिराखाच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय त्यांच्यापुढें आला. (हा ग्रंथ कांहीं मंडळ्यांच्या बायबलांत आहे, कांहींच्या नाहीं.) अन्यायानें मिळविलेल्या धनाचें अर्पण देव स्वीकारीत नाहीं, गरिबाचा घांस काढून घेणें म्हणजे त्याचा जीव घेणें होय, मजुराची मजुरी बुडविणारा त्याचें रक्त सांडतो, असा त्या ठिकाणचा आशय आहे. वाचतां वाचतां ते थांबले. वेदीवर आपण जी भाकर अर्पण करितों ती कोणाच्या घामाची? कित्येक दिवस ते ह्या एकाच विचारांत होते. मोंतेसिनोस, तो नकार देणारा साधू, काओनाओ, सर्व एकाच रांगेंत येऊन उभे राहिले. शेवटीं त्यांचा निर्णय झाला कीं, ह्या बेटांत मूळ रहिवाशांशीं जें कांहीं चाललें आहे तें सारें अन्यायाचें आहे.

निर्णय झाला, पण तो आचरणांत आणणें सोपें नव्हतें. भागीदार रेंतेरिया डुकरें व बियाणें आणण्यासाठीं जमैका बेटास गेला होता. लास कासास सुभेदार दिएगो व्हेलास्केस याजकडे गेले व आपण सर्व माणसें सोडीत आहों असें त्यांनीं सांगितलें. मित्र परत येईपर्यंत ही गोष्ट गुप्त ठेवावी, अशी त्यांची विनंति होती. सुभेदार चकित झाला. त्यानें पुन्हां विचार करण्यास पंधरा दिवस देऊं केले. लास कासास यांनीं ते घेतले नाहींत. आणि १५ ऑगस्ट रोजीं, पवित्र मरियेच्या सणाच्या दिवशीं, सांक्ती स्पिरितुस येथें प्रवचन करितांना त्यांनीं स्वतःच ती गुप्तता मोडली. मीं माणसें सोडलीं आहेत, आणि तुम्हीही सोडलीं पाहिजेत, अशा अर्थाचें तें बोलणें होतें. ऐकणाऱ्यांस तें स्वप्नवत् वाटलें. जनावरांकडून काम घेणें पाप आहे असें कोणी सांगावें, तितकें तें त्यांना चमत्कारिक लागलें.

रेंतेरिया परत आला तेव्हां एक विलक्षण गोष्ट उघड झाली. जमैकांतील फ्रान्सिस्कन मठांत उपासकाळाचे दिवस घालवितांना त्याच्याही मनांत असेच विचार येऊं लागले होते. रहिवाशांच्या मुलांसाठीं शाळा काढण्याची परवानगी मागण्यास आपण स्पेनला जावें, असें त्यानें ठरविलें होतें. दोघांनीं एकमेकांस आपापलें मनोगत सांगितलें, जमैकाहून आणलेला माल विकला, आणि त्या पैशावर लास कासास यांनीं स्पेनला जावें असें ठरलें. ह्या साध्यासुध्या मित्राचें नांव इतिहासांत फारसें येत नाहीं. आम्हांस तो लास कासास यांच्याइतकाच आदरणीय वाटतो.

पण सोडलेल्या माणसांचें काय झालें? वाचक येथें घाई करून पुढें जाऊं नयेत अशी आमची इच्छा आहे. लास कासास यांनीं माणसें सुभेदाराच्या हवालीं केलीं, आणि सुभेदार तीं दुसऱ्या वसाहतवाल्यांस देणार हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. नवा धनी त्यांस मरेपर्यंत राबवील, हेंही त्यांस दिसत होतें. मग सोडून उपयोग काय? त्यांनीं ह्याचा विचार केला होता. आपण कितीही ममतेनें त्यांस वागविलें, तरी जोंवर एकही रहिवासी आपल्या पदरीं आहे तोंवर आपल्या उपदेशास कोणी भीक घालणार नाहीं, असें त्यांनीं कारण दिलें आहे. कारण खरें आहे. पण त्या विशिष्ट माणसांच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांच्या पदरांत ह्या पश्चात्तापानें कांहींच पडलें नाहीं. धन्याचें मन मोकळें झालें, आणि त्यांच्या मानेवरचें जूं एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें. आपला दोष सोडणें आणि ज्याचें नुकसान झालें त्याची भरपाई करणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी एकट्याच्या हातची नाहीं, हें त्यांस याच वेळीं उमगलें असावें असें आम्हांस वाटतें. पुढचीं बावन्न वर्षें ते स्वस्थ बसले नाहींत, त्याचें मूळ येथें आहे.

१५१५ च्या अखेरीस ते मोंतेसिनोस यांच्यासह स्पेनला पोंचले व नाताळाच्या आदल्या दिवशींच्या सुमारास प्लासेन्सिया येथें वृद्ध राजा फेर्दिनांद यांस भेटले. राजा महिन्याभरांत वारला. वसाहतींचा कारभार पाहणारे बिशप फोन्सेका यांस त्यांनीं तीन महिन्यांत ७००० मुलें मेल्याची हकीकत वाचून दाखविली, तेव्हां याचा माझ्याशीं व राजाशीं काय संबंध, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनीं केल्याचें लास कासास लिहितात. ह्या बिशपांच्या स्वतःच्या नांवावरही त्या बेटांत माणसें होतीं. राज्याचे पालक कार्दिनल सिस्नेरोस यांनीं मात्र लक्ष घातलें व १५१६ मध्यें लास कासास यांस मूळ रहिवाशांचे रक्षक असें पद दिलें.

आणि ह्याच वर्षीं, एक अन्याय दूर करण्याच्या उत्साहांत, त्यांच्या हातून दुसरा घडला. सुधारणेच्या योजनेंत त्यांनीं असें सुचविलें कीं, खाणींतील कामास मूळ रहिवाशांच्या ऐवजीं काळे किंवा इतर गुलाम आणावे. १५१८ सालीं त्यांनीं तोच सल्ला पुन्हां दिला. त्याच वर्षीं तरुण राजा चार्ल्स यानें ४००० आफ्रिकन गुलाम नेण्याचा परवाना आपल्या एका दरबाऱ्यास दिला. दरबाऱ्यानें तो जेनोआच्या व्यापाऱ्यांस विकून टाकला. आफ्रिकन गुलाम त्यापूर्वींच त्या बेटांत येऊं लागले होते, आणि सोनें व साखर यांचा लोभ लास कासास यांच्या सल्ल्याची वाट पाहत थांबला नसता, हें खरें. तरीही सल्ला त्यांचाच होता, आणि १५३१ च्या एका पत्रांतही तो पुन्हां आढळतो. ह्या गोष्टीकडे आम्ही शेवटीं परत येऊं.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कुमाना येथें शेतकऱ्यांची शांततेची वसाहत वसविण्याचा त्यांचा प्रयत्न १५२२ पर्यंत पार फसला. गुलाम पकडणाऱ्या स्पॅनिश टोळ्यांमुळें चिडलेल्या रहिवाशांनीं ती उध्वस्त केली व त्यांचे कांहीं साथीदार मारले गेले. राजाची परवानगी मिळविण्यासाठीं आपण धनलोभी लोकांशीं तडजोड केली, त्याचीच ही शिक्षा, असें त्यांनीं मानिलें. ते डोमिनिकन मठांत दाखल झाले आणि कित्येक वर्षें अभ्यास करीत राहिले. १५२७ च्या सुमारास त्यांनीं इंडीजचा इतिहास हा आपला मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. पुढें ग्वातेमालांत ज्या मुलखास सैनिक युद्धभूमि म्हणत तेथें त्यांनीं सैन्याशिवाय धर्मप्रचार केला व त्यास खरी शांति ह्या अर्थाचें व्हेरा पास हें नांव पडलें. १५४२ मध्यें राजानें नवे कायदे काढले. नव्या एन्कोमिएन्दा देऊं नयेत, असलेल्या धन्याच्या मरणाबरोबर संपाव्या, असें त्यांत होतें. वसाहतवाल्यांच्या ओरडीमुळें तीन वर्षांतच त्यांतलें मुख्य कलम राजानें मागें घेतलें.

दरम्यान १५४४ सालीं सेविल येथें लास कासास यांस चियापा प्रांताचे बिशप म्हणून दीक्षा मिळाली होती. वय साठ वर्षांचें. चाळिसाहून अधिक साधू बरोबर घेऊन ते समुद्रापार निघाले व १५४५ च्या आरंभीं सियुदाद रेआल ह्या आपल्या गांवीं पोंचले. (हल्लीं मेक्सिको देशांतील हें गांव त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.) ईस्टर जवळ येत होता. त्या काळीं ईस्टरपूर्वीं पापनिवेदन करून पवित्र भोजन घेणें प्रत्येक ख्रिस्ती माणसाचें कर्तव्य समजलें जाई, आणि तें ज्यास नाकारलें जाई त्याची गांवांत मान खालीं होई. बिशपांनीं आज्ञा काढली कीं, ज्यांच्या घरीं मूळ रहिवासी गुलाम आहेत त्यांस ते मुक्त केल्याशिवाय क्षमावचन देऊं नये. अशीं प्रकरणें मजकडे पाठवावीं. तिसाहून अधिक वर्षांपूर्वीं स्वतः नकार ऐकलेला मनुष्य आतां तोच नकार एका सबंध गांवास देत होता. गांव खवळून उठलें. खुद्द देवळाच्या मुख्य धर्मगुरूनेंच कांहीं गुलामवाल्यांस क्षमा दिली. बिशपांनीं त्यास पकडण्यास माणूस पाठविला, तेव्हां सशस्त्र जमाव बिशपांच्या घरांत घुसला. वृद्ध बिशप शांतपणें त्यास सामोरे गेले म्हणून पुढचा अनर्थ टळला. लोकांनीं धर्मपट्टी देणें बंद केलें, आणि पुढें वरिष्ठ न्यायालयाकडे दाद मागावयास गेले तेथेंही त्यांच्या वांट्यास अपमानच आला.

ह्या अनुभवांतून त्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठीं बारा नियम तयार झाले. १५४६–४७ च्या सुमारास ते हस्तलिखित स्वरूपांत फिरूं लागले व १५५२ मध्यें सेविल येथें छापले गेले. त्यांतील कडकपणा आजही वाचकास थक्क करितो. एखादा जुना विजेता मरणशय्येवर पडून धर्मगुरूस बोलावितो. धर्मगुरूनें प्रथम काय करावें? पापनिवेदन ऐकावें काय? नाहीं, आधीं सरकारी लेखकास बोलवावें. आजाऱ्यानें त्याच्यासमोर लिहून द्यावें कीं, अमुक युद्धांत मी होतों, मीं कांहीं येथें आणलें नव्हतें, जें आहे तें ह्या लोकांपासून घेतलेलें आहे, आणि माझी सर्व मालमत्ता परतफेडीसाठीं मी धर्मगुरूच्या स्वाधीन करीत आहें. गुलाम असतील ते त्याच क्षणीं मुक्त करावे, त्यांच्या मेहनतीचा मोबदला द्यावा, व त्यांची क्षमा मागावी. मुलांस वारसाहक्कानें एक दिडकीही पोंचत नाहीं; दयेनें पोटापुरतें ठेवावयाचें तर तें धर्मगुरूनें ठरवावें. ज्यांस लुटलें ते जिवंत असतील तर त्यांस, नसतील तर त्यांच्या वारसांस, वारसही नसतील तर त्याच गांवच्या लोकांच्या हितासाठीं ती रक्कम लागावी. ज्या व्यापाऱ्यांनीं युद्धासाठीं शस्त्रें विकलीं तेही देणेकरीच. आजारी बरा झाला तरी दस्तऐवज रद्द व्हावयाचा नाहीं. हें सर्व झाल्यावर मग पापनिवेदन.

नव्या कराराचा वाचक येथें जक्कयाची आठवण केल्याशिवाय राहणार नाहीं. तो जकातदार झाडावरून खालीं उतरला तो भरपाईचा आंकडा तोंडांत घेऊनच. पण जक्कयानें स्वखुशीनें दिलें. लास कासास सरकारी लेखक मागत होते. विरोधकांस हें सहन झालें नाहीं. ह्या नियमांनीं स्पेनच्या राजाचा त्या देशांवरील हक्कच नाहींसा होतो असा आरोप झाला, आणि १५४८ मध्यें राजाज्ञेनें हस्तलिखितांच्या प्रती गोळा करविण्यांत आल्या. मोतोलिनिया नांवाच्या फ्रान्सिस्कन साधूनें १५५५ मध्यें राजास लिहिलेल्या पत्रांत लास कासास यांजवर कडक टीका केली. हे गृहस्थ रहिवाशांची बाजू घेतात, पण त्यांच्याच पाठीवर मजुरी न देतां आपल्या कागदांचीं ओझीं लादून प्रवास करितात, असा त्यानें टोला मारिला. मोतोलिनिया हाही रहिवाशांत आयुष्य घालविलेला, त्यांच्या प्रेमास पात्र झालेला मनुष्य होता. त्याची साक्ष केवळ द्वेषाची म्हणून टाकून देतां येत नाहीं. लास कासास आंकडे फुगवून सांगत, विरोधकांचा चांगुलपणा पाहत नसत, हें त्यांच्या चाहत्यांनींही कबूल केलें पाहिजे. तरी नियम वायां गेले नाहींत. लिमाचे आर्चबिशप लोआयसा यांनीं १५६० मध्यें परतफेडीविषयीं धर्मगुरूंस सूचना दिल्या, आणि पेरू देशांतील कित्येक वृद्ध विजेत्यांनीं त्या काळांत आपल्या मृत्युपत्रांत रहिवाशांच्या गांवांस रकमा परत ठेविल्या. मरणाच्या भीतीनें ठेविल्या असतील. पण त्या गांवांस कांहीं तरी मिळालें.

१५४७ मध्यें लास कासास कायमचे स्पेनला परतले. १५५० व १५५१ मध्यें व्हायादोलिद येथें विद्वान् पंडित सेपुल्वेदा यांच्याशीं त्यांचा जो प्रसिद्ध वाद झाला, त्याची हकीकत इतिहासाच्या पुस्तकांत सर्वत्र मिळते. कांहीं मानवजाति जन्मतःच दास्यासाठीं आहेत हें मत त्यांनीं पांच दिवस वाचन करून खोडून काढिलें, आणि पंचांनीं निकाल दिलाच नाहीं, एवढें येथें पुरे.

आतां आफ्रिकन गुलामांची गोष्ट. स्तुतिपर चरित्रें ती गाळतात, आणि निंदक तेवढीच सांगतात. लास कासास यांची समजूत अशी होती कीं, पोर्तुगीज लोक आफ्रिकेंतून जे गुलाम आणितात ते न्याय्य युद्धांत पकडलेले असतात. पुढें, साठी उलटल्यावर, त्यांनीं पोर्तुगीज बखरी लक्षपूर्वक वाचल्या, आणि त्यांस दिसून आलें कीं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जें झालें तें एस्पानियोलांत झालेल्या प्रकाराहून तिळमात्र निराळें नव्हतें. मग त्यांनीं आपल्या इतिहासांत त्या विषयावर कित्येक प्रकरणें घातलीं, आणि त्यांत आपलें नांवही घातलें. ह्या ग्रंथांत ते स्वतःविषयीं नेहमीं तृतीय पुरुषीं, धर्मगुरु कासास असें लिहितात. तशाच रीतीनें त्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, आफ्रिकन गुलाम आणण्याचा सल्ला ह्या धर्मगुरूनें दिला. तो सल्ला अविचाराचा होता, कारण त्या लोकांचें बंदिवास मूळ रहिवाशांच्या बंदिवासाइतकेंच अन्यायाचें होतें. आपण अजाणतेपणीं व चांगल्या हेतूनें सांगितलें ही सबब देवाच्या न्यायासनापुढें चालेल किंवा नाहीं, याची त्यांस खात्री वाटत नाहीं, असेंही त्यांनीं म्हटलें आहे. उसाच्या घाण्यांवर हे लोक कसे मरूं लागले, आणि परवान्यांमुळें पोर्तुगीजांस आणखी माणसें पकडण्यास कसें उत्तेजन मिळालें, हें त्यांनीं स्पष्ट मांडिलें आहे. त्यांच्या अंदाजानें तोंपर्यंत त्या एका बेटांत ३०,००० हून अधिक व सर्व वसाहतींत १,००,००० हून अधिक आफ्रिकन आणले गेले होते.

बारा नियमांचा कर्ता ह्या ठिकाणीं कोणता दस्तऐवज लिहून देणार? सोडावयास त्याच्या पदरीं ते लाखभर लोक नव्हते, द्यावयास धन नव्हतें, आणि ज्यांचें देणें लागत होतें त्यांचीं गांवें आफ्रिकेंत कोठें आहेत हेंही त्यास ठाऊक नव्हतें. त्यानें लिहून ठेविलें, एवढेंच त्याच्या हातीं होतें. विजेत्यास जी सूट त्यानें कधीं दिली नाहीं, ती स्वतःसही घेतली नाहीं. आपणांस क्षमा झाली आहे असें त्यानें कोठें म्हटलेलें नाहीं.

१५५९ मध्यें त्यांनीं हा ग्रंथ व्हायादोलिद येथील सान ग्रेगोरियो विद्यालयाच्या स्वाधीन केला आणि चाळीस वर्षेंपर्यंत तो छापूं नये अशी अट घातली. तोंवर सत्य ऐकून घेण्यास लोक तयार होतील असें त्यांस वाटलें असावें. १८ जुलै १५६६ रोजीं माद्रिद येथील आतोचा मठांत, वयाच्या ८२ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. अखेरच्या दिवसांतही राजास व पोपांस परतफेडीविषयीं निवेदनें पाठविणें चालूच होतें. चाळीस वर्षें संपलीं. ग्रंथ छापला गेला नाहीं. विद्वानांनीं हस्तलिखितावरून उतारे घेतले, पण सबंध ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला तो १८७५–७६ मध्यें, माद्रिद शहरीं. ज्या क्यूबा बेटांत एका ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं आपलीं माणसें सोडलीं होतीं, तेथें आफ्रिकन गुलामांची पद्धति त्या वेळींही स्पेनच्याच निशाणाखालीं चालू होती. ती १८८६ सालीं बंद झाली.